लिलावातला गाळा आणि न छापलेली थकबाकी

चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा माल व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. तो ढिगात हात घालतो, तळाचा कांदा वर काढतो, पत्ती सुटली आहे का पाहतो, दाबून बघतो आणि मगच भाव बोलतो. बोली लावणाऱ्या सगळ्यांसमोर एकच ढीग असतो. फरक पडतो तो नजरेचा. त्याच चाकणमध्ये, आणि तिथून भोसरी, तळवडे, चिखली, मोशीपर्यंत, आता दुसराही एक लिलाव नित्याचा झाला आहे. तो मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर चालतो. बँकेचे कर्ज थकलेल्या कारखानदाराचा गाळा, नोकरी गेलेल्याचा फ्लॅट, बंद पडलेल्या युनिटमधली व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) आणि प्रेस असे सारे तिथे विकले जाते. बोली लावणारा चिंचवडचा असेल, नाहीतर सुरतचा. हा लिलाव सगळ्यांना खुला आहे आणि ती मोठी सुधारणा आहे, याबद्दल वाद नाही. पण बोली खुली झाली तरी माहिती खुली झालेली नाही. मालमत्तेमागे किती थकबाकी, कोणते वाद आणि कोणत्या अटी आहेत, हे मोजक्या लोकांना कळते, बाकीच्यांना पैसे भरल्यावर कळते. सामान्य घरातला माणूस किंवा छोटा उद्योजक या लिलावात बुडतो तो बोली फार चढवल्यामुळे कमी आणि या अज्ञानामुळे जास्त. आणि ते अज्ञान दूर करणे बँकांच्या हातात आहे, हे मला इथे मांडायचे आहे.

आधी हा गाळा लिलावात येतो कसा ते पाहू. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते. पैसे आले नाहीत तर न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याचा अधिकार बँकेला मिळतो. मग मूल्यांकन होते, राखीव किंमत ठरते, कर्जदाराला विक्रीची नोटीस जाते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यांतल्या एका स्थानिक भाषेतल्या, जाहिरात येते. स्थावर मालमत्तेच्या पहिल्या लिलावाआधी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. पूर्वी हे लिलाव बँकेच्या कार्यालयात होत. बंद लिफाफे यायचे, नेहमीचेच चार चेहरे जमायचे, आपसात ठरवून बोली राखीव किमतीच्या जवळ थांबवली जायची आणि नवख्याला बाहेरच समज दिली जायची. ऑनलाइन लिलावाने हे साटेलोटे बरेच मोडले. शेवटच्या काही मिनिटांत कोणी बोली वाढवली तर वेळ आपोआप पुढे सरकते, त्यामुळे घड्याळाचा डाव खेळून बाजी मारता येत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये सरकारी बँकांच्या लिलावांसाठी ‘बँकनेट’ हे नव्या रूपातले संकेतस्थळही सुरू केले. पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या फिटरने आयुष्यभराची पुंजी घालून स्वतःचा छोटा गाळा घ्यायचा म्हटले, तर त्याला हा दरवाजा आज खरोखर उघडा आहे.

आता जाहिरात वाचू. अशा नोटिसांचा साचा ठरलेला असतो. वरच्या भागात कर्जदार आणि जामीनदारांची नावे, थकीत रक्कम आणि त्यापुढे ‘अधिक पुढील व्याज व खर्च’. मग मालमत्तेचे वर्णन: प्लॉट क्रमांक, ब्लॉक, क्षेत्रफळ, चतुःसीमा. त्याखाली राखीव किंमत, साधारण तिच्या दहा टक्के बयाणा रक्कम, बोली किती रुपयांच्या टप्प्याने वाढवायची तो आकडा, पाहणीची तारीख आणि वेळ. ताब्यापुढे ‘सांकेतिक’ किंवा ‘प्रत्यक्ष’ यांपैकी एक शब्द असतो. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, आत माणसे अजून आहेत. आणि मग एक ओळ येते, जिच्यावर डोळा ठरत नाही: ‘ज्ञात बोजा: बँकेच्या माहितीनुसार नाही.’ तिच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की मालमत्ता जशी आहे, जिथे आहे, जी काही आहे त्या स्थितीत विकली जात आहे आणि सर्व वैधानिक देणी, मग ती ज्ञात असोत वा अज्ञात, खरेदीदाराने भरायची आहेत. या दोन ओळी एकत्र वाचल्या की सौद्याचे खरे स्वरूप कळते. राखीव किंमत ठळक अक्षरांत छापलेली आहे. तिच्यावर आणखी किती भरावे लागेल, तो आकडा कुठेच नाही.

औद्योगिक पट्ट्यात हा न छापलेला आकडा फार मोठा निघू शकतो, कारण इथली जमीनच साधी मालकीची नसते. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. बँक विकते ते त्या भाडेपट्ट्यातले उरलेले हक्क. नाव बदलायला एमआयडीसीची संमती आणि हस्तांतरण शुल्क लागते. शिवाय आधीच्या माणसाने ठरलेल्या मुदतीत ठरलेले बांधकाम केले नसेल, पाणीपट्टी आणि सेवाशुल्क थकवले असेल, परवानगीशिवाय अर्धा गाळा दुसऱ्याला भाड्याने दिला असेल, तर तो सगळा हिशेब नव्या माणसासमोर येतो. निगडी-आकुर्डी भागातल्या पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाच्या मिळकती ९९ वर्षांच्या पट्ट्यावरच्या. १९७२ साली स्थापन झालेले ते प्राधिकरण जून २०२१ मध्ये विसर्जित होऊन त्याचे काम पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि महापालिका यांच्यात वाटले गेले. तेव्हा ना हरकत दाखला कोणत्या कार्यालयातून आणायचा, हाच पहिला प्रश्न होऊन बसतो. देहूरोड आणि दिघीच्या लष्करी दारूगोळा साठ्यांभोवतीचा बांधकामबंदीचा रेड झोन तळवडे, चिखली, निगडी, भोसरीच्या काही भागांवरून जातो. त्या रेषेच्या आतल्या बांधकामाचे भवितव्य लिलावाच्या नोटिशीत लिहिलेले सापडणार नाही. महापालिकेची मिळकतकर पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा, हा समज तर सर्वांत घातक. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेने हजारो अनधिकृत शेड आणि बांधकामे पाडली. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो. पिंपरी-चिंचवडकरांनी वर्षानुवर्षे सोसलेला शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामावरचा दंडाचा कर, हा त्याचाच पुरावा होता.

विजेचे उदाहरण जरा तपशिलाने घ्यायला हवे, कारण तिथे कायद्याचा निवाडा स्पष्ट आहे. कारखाना बंद पडतो तो बहुधा वीजबिल थकूनच. लिलावात शेड घेतलेला माणूस महावितरणकडे नवी जोडणी मागायला जातो तेव्हा त्याला जुन्या ग्राहकाची थकबाकी दाखवली जाते. ती त्याने का भरावी, हा वाद देशभर वर्षानुवर्षे चालला. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात त्यावर निर्णय दिला: वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीच्या मालकाची थकबाकी लिलावातल्या खरेदीदाराकडून मागू शकते. आणि ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर विक्री झाली असेल तर अशी देणी असू शकतात याची चौकशी करण्याची जबाबदारी बोली लावणाऱ्याचीच. महाराष्ट्रातल्या वीजपुरवठा संहितेने वारस नसलेल्या नव्या मालकासाठी ही जबाबदारी सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती मर्यादित केली आहे, हा मोठा दिलासा. पण हे ज्याला ठाऊक आहे तोच बोलीचा हिशेब नीट करू शकतो. ठाऊक नसलेला एकतर घाबरून चांगला गाळा सोडतो किंवा बेफिकीर राहून अडकतो. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचेही असेच. ती थकबाकी हा आस्थापनेच्या मालमत्तेवरचा पहिला बोजा आहे, असे १९५२ च्या कायद्यातच म्हटले आहे. एखाद्या युनिटने बंद पडण्याआधी दोन वर्षे कामगारांच्या पगारातून पैसे कापून भरलेच नसतील, तर ती रक्कम कोणत्या सात-बाऱ्यावर दिसणार?

यंत्रांच्या लिलावात अज्ञानाचे रूप वेगळे असते. दोन वर्षे बंद राहिलेली व्हीएमसी बाहेरून ठाकठीक दिसते. रंग शाबूत, दारे बंद, पाटीवर चांगल्या कंपनीचे नाव. पण तिच्या कंट्रोलरमध्ये एक छोटी बॅटरी असते. यंत्र बंद असताना त्याची सगळी पॅरामीटर्स ती जपून ठेवते. फॅनुकचा कंट्रोलर चालवणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला हे ठाऊक असते. वीज तुटली, बॅटरी उतरली आणि पॅरामीटर्सची प्रत कुणी काढून ठेवलेली नसेल, तर यंत्र सुरू होते पण आपले अक्ष कुठे आहेत हेच त्याला कळत नाही. तेवढ्यावरही निभावत नाही. स्पिंडलच्या बेअरिंगची अवस्था, बॉलस्क्रूमधला खेळ, ड्राइव्हचे कार्ड जागेवर आहे की कोणी काढून नेले आहे, हे वीज दिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहणीच्या दिवशी शेडमध्ये वीज नसते. बँकेचा मूल्यांकनकार यंत्राचे वर्ष आणि मॉडेल पाहून आकडा लावतो. त्या यंत्रावर काम केलेला ऑपरेटर आता कदाचित शेजारच्याच गल्लीत दुसऱ्या युनिटमध्ये कामाला असतो. ज्याची त्याच्याशी ओळख, त्याला यंत्राची खरी किंमत कळते. म्हणजे लिलाव ऑनलाइन झाला तरी निकाल अजून ओळखीपाळखीवर लागतो.

ज्या वस्तूची आतली अवस्था विकत घेण्याआधी पाहताच येत नाही, तिचा लिलाव जगात इतरत्र कसा होतो? याचे उत्तम उदाहरण जुन्या वाइनचे. वाइन म्हटली की आपल्याला नाशिक, किंवा पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव आठवते. पण युरोप-अमेरिकेत पन्नास-साठ वर्षे जुन्या बाटल्यांचे लिलाव होतात आणि आता ते मोठ्या प्रमाणात ऑनलाइन होतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कला १९४५ च्या रोमाने-काँतीची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरना गेली. बाटली उघडून चाखता येत नाही. चाखली की किंमत संपली. मग खरेदीदार पैसे कशाच्या भरवशावर देतो? बाटलीच्या इतिहासाच्या. ती कोणाच्या तळघरात होती, किती हातांतून गेली, कोणत्या तापमानाला ठेवली होती, हे विचारले जाते. लिलावगृहाच्या सूचीत बाटलीच्या गळ्यात वाइन कुठल्या पातळीपर्यंत आहे, बूच कसे आहे, लेबल कुठे फाटले आहे किंवा डागाळले आहे, हे दरेक बाटलीमागे छापलेले असते. दोष लपवायचे नाहीत, लिहायचे, हा तिथला रिवाज आहे आणि त्यामागे ठेच लागल्याचा अनुभव आहे. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पोन्सो या फ्रेंच घराण्याच्या नावाच्या जुन्या बाटल्या आल्या. लोराँ पोन्सो स्वतः तिथे हजर झाले, कारण त्यांतल्या काही बाटल्यांवर ज्या सालांची लेबले होती त्या सालांत त्यांच्या घराण्याने ती वाइन बनवलीच नव्हती. बाटल्या विक्रीतून काढून घ्याव्या लागल्या. त्या आणणारा रुडी कुर्नियावान पुढे बनावट वाइन घरीच तयार करत असल्याचे सिद्ध झाले आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून बाटलीच्या पूर्वेतिहासाची चौकशी जास्तच कडक झाली. श्रीमंतांच्या हौसेच्या बाटलीबद्दल विकणारा इतके लिहितो आणि एका कुटुंबाच्या आयुष्याची कमाई ज्या गाळ्यात जाणार त्याबद्दल विकणारा ‘माहितीनुसार नाही’ एवढेच लिहितो, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: लिलावातली मालमत्ता बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते ती या जोखमीमुळेच, स्वस्ताई हवी आणि जोखीम नको, असे कसे चालेल? युक्तिवाद वरकरणी बरोबर वाटतो. पण किंमत कमी करून भरपाई होते ती मोजता येणाऱ्या जोखमीची. पाच लाखांची पाणीपट्टी थकली आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल तर प्रत्येक जण आपली बोली पाच लाखांनी उतरवेल आणि कोणाचेच नुकसान होणार नाही. ते काहींना ठाऊक आणि काहींना अज्ञात असेल, तर जाणकार थांबतील आणि अजाण पुढे जाईल. १९७१ मध्ये एका अमेरिकन तेल कंपनीतल्या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून हेच दाखवले होते. जमिनीखाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की माहीत नसते, प्रत्येक जण अंदाज बांधतो आणि लिलाव जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. विजेत्यालाच जिंकण्याचा फटका बसतो, या निरीक्षणाला अर्थशास्त्रात मानाचे स्थान आहे. आपल्या लिलावात हा फटका कोणाला बसतो ते उघड आहे. वर्षाला वीस मालमत्ता घेणारा व्यावसायिक वकील ठेवतो, एमआयडीसीच्या कार्यालयात चकरा मारायला माणूस ठेवतो, एका सौद्यात बसलेली खोट दुसऱ्यात भरून काढतो. एकदाच गाळा घेणाऱ्याला दुसरा सौदा नसतो.

दुसरा आक्षेप बँकांचा. वसुली विभागात माणसे कमी, खाती जास्त. प्रत्येक गाळ्यासाठी महावितरण, एमआयडीसी, महापालिका, भविष्य निधी आणि जीएसटी कार्यालयांत कोण फिरणार? शिवाय देणी छापली तर बोलीच येणार नाही, आणि एखादे देणे चुकून राहिले तर खरेदीदार बँकेलाच कोर्टात खेचेल. यातला मनुष्यबळाचा मुद्दा मला मान्य आहे. पण कर्ज देताना याच बँकेने या मालमत्तेचा तीस-तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढलेला असतो, एमआयडीसीची तारणासाठीची संमती घेतलेली असते, दरवर्षी पाहणी केलेली असते. फाइल तिच्या कपाटात आहे. सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांनी विक्रीच्या नोटिशीत सुरक्षित धनकोला ठाऊक असलेल्या बोजांचा तपशील देणे बंधनकारकच केले आहे. चौकशी न करता ‘ठाऊक नाही’ असे लिहून त्या नियमाचे शब्द पाळले जातात, हेतू पाळला जात नाही. बोली कमी येईल ही भीतीही अभ्यासाला धरून नाही. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ मध्ये गणिताने मांडले की विकणाऱ्याने आपल्याजवळची माहिती खरेपणाने आणि नियमितपणे उघड केली, तर सरासरीने त्याला मिळणारी किंमत वाढते. कारण अंधारात चाचपडणारा प्रत्येक बोलीदार भीतीपोटी हात आखडता घेतो आणि उजेडात तो मोकळेपणी बोली लावतो. लिलावांच्या सिद्धांतावरच्या कामासाठी मिलग्रॉम यांना रॉबर्ट विल्सन यांच्यासह २०२० चे नोबेल मिळाले. आपल्याकडे एकाच मालमत्तेचा लिलाव पुन्हा पुन्हा फसतो, दर वेळी राखीव किंमत उतरते आणि अखेर एकच बोलीदार उरतो. यात बँकेचा पैसा बुडतो आणि ज्याचे कर्ज त्यातून फिटायचे आहे त्या कर्जदाराचाही. गाळ्याला दहा लाख कमी आले तर ते दहा लाख त्याच्या आणि जामीनदाराच्या डोक्यावर राहतात. बुडालेल्या व्हेंडरचे राहते घरही जामिनात अडकलेले असते, हे भोसरीत कोणाला सांगायला नको. म्हणून माहिती छापण्याची मागणी केवळ खरेदीदाराच्या सोयीची नाही.

तिसरा आक्षेप सावध माणसांचा: इतका धोका असेल तर या वाटेला जावेच कशाला? मी हे मान्य करत नाही. गेल्या काही वर्षांत कायदा प्रामाणिक खरेदीदाराच्या बाजूने बराच पक्का झाला आहे. २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की सरसाई या केंद्रीय तारण नोंदणी यंत्रणेकडे तारणाची नोंद केलेल्या बँकेचा हक्क विक्रीकरासारख्या सरकारी देण्यांच्या आधी येतो. नवी मुंबईतल्या एमआयडीसीच्या एका प्लॉटचे प्रकरण तर प्रत्येक बोलीदाराने लक्षात ठेवावे असे आहे. लिलावात १०५ कोटी ५ लाखांची बोली लावून खरेदीदाराने पैसे भरले. नंतर कर्जदार १२९ कोटी घेऊन आला आणि उच्च न्यायालयाने त्याला तारण सोडवू दिले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तारण सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो. तरीही त्या खरेदीदाराला पुन्हा अवमान याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि तिचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. शंभर कोटींचा खरेदीदार एवढे लढू शकतो; चाळीस लाखांचा नाही. पैशाच्या बाबतीत तर कायदा खरेदीदाराला कसलीच सवलत देत नाही. बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे, विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत उरलेले. लेखी मुदतवाढ मिळाली तरी तीन महिन्यांपलीकडे नाही. आधी बोली, मग गृहकर्जासाठी अर्ज, असा क्रम ठेवणाऱ्याचे पाव पैसे गेलेच म्हणून समजा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खरेदीदाराचे जप्त झालेले सुमारे तीन कोटी रुपये परत द्यायला नकार दिला.

तेव्हा उपाय दोन्ही बाजूंनी हवा. बँकांनी राखीव किमतीच्या शेजारी ठळक अक्षरांत चार आकडे छापावेत: वीज, एमआयडीसी किंवा प्राधिकरणाची देणी, मिळकतकर आणि भविष्य निधी, त्या-त्या कार्यालयाच्या पत्राच्या तारखेसह. ताबा सांकेतिक असेल तर आत कोण राहते किंवा काम करते, भाडेकरू असेल तर कोणत्या कराराने, तेही लिहावे. बांधकामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला संकेतस्थळावर टाकावा. नसेल तर नाही असे लिहावे. सरकारी बँकांचे एकच संकेतस्थळ असताना या रकाने भरल्याशिवाय मालमत्ता लिलावाला चढणारच नाही, अशी व्यवस्था करणे अवघड नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सहकारी आणि खासगी बँकांनाही हाच नमुना घालून देता येईल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या लघुउद्योजकांच्या संघटना विजेच्या दरांसाठी, रस्त्यांसाठी भांडतात. हा प्रश्न त्यांनी हाती घ्यायला हवा, कारण त्यांच्याच सभासदांचे गाळे विकले जातात आणि त्यांचेच सभासद ते घेतात.

हे होईपर्यंत बोली लावणाऱ्याने एवढे करावे. पाहणीच्या दिवशी स्वतः जावे, एकट्याने न जाता त्या कामातला माणूस बरोबर न्यावा; यंत्र असेल तर ते ज्याने चालवले आहे त्याला शोधावे. वीज मीटरचा ग्राहक क्रमांक टिपून महावितरणकडे थकबाकी विचारावी. एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयात प्लॉट क्रमांक सांगून हस्तांतरण शुल्क आणि देणी लेखी मागावीत. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करून विचारावे की कर्जवसुली न्यायाधिकरणात या मालमत्तेवर अर्ज प्रलंबित आहे का, आणि उत्तर लेखीच घ्यावे. पैशाची सोय बयाणा भरण्याआधी पूर्ण असावी. या सगळ्या देण्यांची बेरीज करून ती आपल्या कमाल आकड्यातून वजा करावी, उरलेला आकडा कागदावर लिहावा आणि लिलावात त्याच्या पुढे एक रुपयाही जाऊ नये. लेखी उत्तर मिळाले नाही, तर त्या मालमत्तेवर बोली लावू नका.